मस्की मागे येते पण घेत नाही: उन्हाळ्यात ल्युअर बदलण्याआधी काय बदलाल?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. पुण्याहून मिनिआपोलिसला येऊन तुम्हाला दोन वर्षं झालीत. मित्राची सोळा फुटी ॲल्युमिनियमची बोट आहे आणि जूनपासून शहराजवळच्या लेक मिनेटोंका या तलावावर तुम्ही मस्की या गोड्या पाण्यातल्या मोठ्या शिकारी माशाच्या मागे लागला आहात. डब्यात अकरा ल्युअर्स, म्हणजे नकली आमिषं, जमली. मस्की दिसते, बोटीपर्यंत मागे मागे येते, क्षणभर थांबते आणि खाली निघून जाते. आता जुलै संपत आलाय, तर बारावं ल्युअर कोणतं घ्यावं? आणि शेवटी एक ओळ: मिळालीच तर कालवण करता येईल का? कालवणाचं शेवटी बघू.

बारावं ल्युअर घेऊ नका, निदान इतक्यात तरी नको. जी मस्की बोटीपर्यंत येते तिने ल्युअर पाहिलंय आणि तिला त्यात रस वाटलाय, नाहीतर ती जागची हललीच नसती. म्हणजे तुमची जागा बरोबर आहे, खोली बऱ्यापैकी बरोबर आहे, आकार आणि रंगही चालण्यासारखे आहेत. तुमचं अडतंय ते वेगावर आणि शेवटच्या दहा फुटांवर. या दोन्ही गोष्टी दुकानात मिळत नाहीत, आणि दुकानदार तसं सांगणारही नाही.

पुढचं सगळं मिनेसोटा आणि उत्तर विस्कॉन्सिनमधल्या नैसर्गिक तलावांच्या अनुभवावर लिहितोय. लेक सेंट क्लेअरसारखं उथळ, विस्तीर्ण पाणी किंवा ओहायोतली धरणं असतील तर हिशेब बराच बदलतो. एकाच तलावातही फरक पडतो. मिनेटोंका म्हणजे एकमेकांना जोडलेल्या अनेक उपसागरांचं जाळं आहे. त्यातल्या एका बेमध्ये पाणी नितळ असतं, तर दुसरीत हिरवट. २०१० मध्ये तिथे झेब्रा शिंपले सापडले. हे शिंपले पाणी गाळून खातात, त्यामुळे पाणी स्वच्छ होतं, ऊन खोलवर जातं आणि पाणवनस्पतीही जास्त खोलीपर्यंत वाढते. म्हणून पंधरा वर्षांपूर्वीच्या लेखात 'आठ फुटांवर वीडची कड' असं वाचलं असेल, तर आज ती कड त्याहून खोल असू शकते. वीडची कड म्हणजे दाट पाणवनस्पती जिथे संपते ती रेषा. ती तुमच्या डेप्थ फाइंडरवर, म्हणजे खोली दाखवणाऱ्या यंत्रावर, स्वतः शोधा.

आता तापमान. उन्हाळ्यातली मस्की समजून घ्यायची तर ल्युअरच्या आधी थर्मामीटर बघायचा. मासा थंड रक्ताचा. पाणी ७० ते ७७ अंश फॅरेनहाइट, म्हणजे साधारण २१ ते २५ सेल्सियसच्या घरात आलं की त्याचं पचन जोरात चालतं, भूक वाढते, अंगात चपळाई येते. जूनच्या सुरुवातीला नुकती अंडी घालून थकलेली मस्की लहान आणि संथ ल्युअर घेते, तीच जुलैत सुसाट जाणाऱ्या मोठ्या ल्युअरच्या मागे धावते. उन्हाळ्यात ल्युअर आणि तंत्र निवडताना मी जे काही ठरवतो ते यातूनच येतं: मासा वेग झेपण्याच्या स्थितीत आहे, तर त्याला विचार करायला वेळ देऊ नये.

पण याला वरची मर्यादा आहे. पृष्ठभागाचं पाणी ८० फॅरेनहाइट, म्हणजे जवळपास २७ सेल्सियसला गेलं की मी मस्कीचा रॉड उचलत नाही. इथले बहुतेक जुने मस्कीवाले हेच पाळतात. कारण सरळ आहे. १५ अंश सेल्सियसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे १० मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, २७ अंशांना तो ८ च्या आसपास येतो. एकीकडे पाण्यातला प्राणवायू कमी, दुसरीकडे तापलेल्या शरीराची गरज जास्त, आणि त्यात चार-पाच मिनिटांची झटापट. स्नायूंत आम्ल साठतं. मासा तुमच्या हातून सुटून पोहत जातो, तुम्हाला वाटतं झालं छान, आणि काही तासांनी तो कुठेतरी तळाशी मरून पडतो. काही जण म्हणतात की मासा खाली गार पाण्यात असतो, मग वरच्या तापमानाचं काय एवढं? अहो, पण त्याला ओढून आणायचं त्या वरच्या गरम थरातूनच ना? आणखी एक लक्षात ठेवा. बोटीवरचं यंत्र तापमान मोजतं ते पृष्ठभागालगतचं, आणि ते दुपारी फसवं असतं. सकाळी पहिल्यांदा पाण्यावर गेल्यावरचा आकडा खरा माना. तोच ८० च्या वर असेल तर त्या दिवशी मस्की सोडून बास नावाचा मासा पकडा.

आता तुमच्या डब्याकडे वळू. ल्युअर्सकडे रंग आणि ब्रँड म्हणून न बघता 'हे किती खोलीवर, किती वेगात चालतं' असं बघा. अकरांपैकी निम्मी एकाच खोलीत, एकाच वेगात चालणारी निघतील, पैज लावतो.

उन्हाळ्यात माझ्या हातात सर्वात जास्त वेळ असतं ते बकटेल: तारेवर फिरणारी दोन पाती आणि मागे केसांचा किंवा चकचकीत पट्ट्यांचा झुबका. डबल काउगर्लसारखं दोन १० नंबरच्या पात्यांचं बकटेल पाण्यात धपधप असा जाडसर ठोका देतं. मस्की हा ठोका अंगावरच्या पार्श्वरेषेतून, म्हणजे पाण्यातली कंपनं टिपणाऱ्या इंद्रियातून, ओळखते, म्हणून गढूळ पाण्यात, दाट वीडमध्ये आणि अंधारातही तिला ते सापडतं. वीडच्या टोकांच्या जेमतेम वरून, पृष्ठभागाखाली एक-दोन फुटांवरून ते ओढायचं, आणि वेगात ओढायचं. १० नंबरची पाती दिवसभर ओढली की मनगट आणि खांदा बोलायला लागतात. त्यासाठी साधारण ५.३ ला १ अशा कमी गिअरचं रील बरं (मूठ एकदा फिरवली की दोरीची चकती ५.३ वेळा फिरते). अंग साथ देत नसेल तर ८ नंबरची पाती घ्या. ती हलकी जातात, आणि त्यांना जास्त गिअरच्या रीलने खरोखर पळवता येतं. वाऱ्याशिवायच्या नितळ पाण्यात, मासे नुसते मागे येत असतील तेव्हा, लहान पाती आणि जास्त वेग ही जोडी मोठ्या पात्यांपेक्षा चांगली चालते असं माझं मत आहे. तुमच्या बाबतीत मी याच्यापासूनच सुरुवात करेन.

दुसरं, पृष्ठभागावरचं ल्युअर. शेपटीला फिरणारा पंखा असलेली टॉप रेडर किंवा व्हॉपर प्लॉपर ही सरळ ओढायची, फार कौशल्य लागत नाही. पहाटे, संध्याकाळी आणि रात्री पाणी शांत असताना यांना तोड नाही. इथे वेग बकटेलइतका नको. ठेका एकसारखा हवा, कारण खालून येणारी मस्की आवाजावरून नेम धरते. पाणी फुटल्याचा आवाज झाला की हात आपोआप रॉड खेचतो. तो आवरा, आणि रॉडवर वजन जाणवल्यावरच खेचा. नाहीतर ल्युअर उडून आपल्याच टोपीत येतं, आणि त्याला तीन काट्यांचे दोन-तीन गळ असतात!

तिसरं रबर. बुल डॉग किंवा मेडुसासारखी जड, लवचिक शेपटीची. भर दुपारी, ऊन माथ्यावर असताना मासे वीडच्या कडेवरून उतरून बाजूच्या खोल पाण्यात जातात. तिथे बकटेल त्यांच्या डोक्यावरून कितीतरी फूट उंचावरून निघून जाईल. रबर खाली सोडायचं, रॉडने एक लांब ओढ द्यायची, मग दोरी किंचित सैल करून पडू द्यायचं. बहुतेक चावे पडतानाच येतात आणि ते धक्क्यासारखे नसतात. दोरी नुसती बाजूला सरकते, किंवा जाणवणारं वजन अचानक नाहीसं होतं. संशय आला की खेचा. लेक व्हर्मिलियनसारख्या मोठ्या, खोल तलावांत टुलिबी नावाचे चंदेरी, तेलकट मासे उन्हाळ्यात मधल्या गार थरात अडकलेले असतात. वरचं पाणी त्यांना सोसत नाही आणि तळाशी ऑक्सिजन पुरत नाही. मोठ्या मस्की त्यांच्या मागे उघड्या पाण्यात जातात, किनाऱ्यापासून, वीडपासून लांब. मिनेटोंकावर तुम्हाला याची फारशी गरज नाही, वीडची कड पुरे आहे.

वीडच्या आत शिरायचं तर स्पिनरबेट, म्हणजे वाकवलेल्या तारेवर फिरती पाती असलेलं ल्युअर. त्याच्या तारेची घडण अशी असते की गळ वीडमध्ये सहसा अडकत नाही. गावाकडे तळ्यात मरळ पकडलेल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल: मासा हिरवळीच्या कडेला दबा धरून बसलेला, आणि आमिष त्या हिरवळीतून बाहेर पडतं त्या क्षणी झेप. फक्त इथला मासा चार फुटांचा असतो.

ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीमागे ल्युअर ओढणं, उन्हाळ्यात चालतं, ताशी साडेतीन ते पाच मैल वेगाने. मिनेसोटात माणशी एकच दोरी टाकता येते, त्यामुळे दोन माणसांच्या बोटीत त्याचा फायदा मर्यादित. तुमचा मासा आधीच बोटीजवळ येतोय. ट्रोलिंगच्या नादाला आत्ता लागू नका.

रंगाबद्दल लोक रात्र रात्र वाद घालतात. नितळ पाण्यात चंदेरी आणि नैसर्गिक, गढूळ पाण्यात नारिंगी, सोनेरी, पोपटी, रात्री काळा, कारण आकाशाच्या पार्श्वभूमीवर त्याची आकृती ठळक दिसते. एवढं पुष्कळ झालं.

आता मुख्य गोष्ट, शेवटचे दहा फूट. तुम्ही लिहिलंय की मस्की बोटीजवळ आल्यावर 'क्षणभर थांबते'. ती थांबते कारण तिच्या आधी तुमचं ल्युअर थांबतं. मासा दिसला की माणूस थिजतो, रील थांबतं, ल्युअर वर उचललं जातं. कोणताही जिवंत मासा मागे शिकारी लागल्यावर थांबून वर बघत नाही, पळतो. म्हणून प्रत्येक कास्टच्या, म्हणजे ल्युअर फेकून परत ओढण्याच्या, शेवटी, मासा दिसो न दिसो, पाण्यात इंग्रजी आठ काढायचा. आणि 'प्रत्येक' म्हणजे प्रत्येक. मागे आलेल्या बऱ्याच मस्की आपल्याला दिसतच नाहीत, त्या ल्युअरच्या चार फूट खाली असतात.

तो काढायचा कसा? ल्युअर बोटीपासून आठ-दहा फुटांवर आलं की रॉडचं टोक पाण्याकडे झुकवायला लागा. टोक आणि ल्युअर यांच्यात फूट-दीड फूट दोरी राहू द्या. लीडरची (दोरी आणि ल्युअरमधल्या मजबूत तुकड्याची) कडी टोकाच्या रिंगेत घुसली तर रिंगही फुटते आणि मासाही जातो. रील थांबवण्याच्या आधी रॉड वळायला सुरुवात झाली पाहिजे, म्हणजे ल्युअर एक क्षणही उभं राहत नाही. रॉडचं टोक पाण्यात फूटभर, हवं तर त्याहून खोल बुडवा. पहिलं वळण शक्य तेवढं मोठं घ्या, हात लांब करून, कंबरेतून वळून. इथेच बहुतेकांचं चुकतं: घाबरून वळण लहान होतं. चार फुटी मासा ओंडक्यासारखा सरळ असतो, त्याला तुमच्या तळहाताएवढ्या वळणावर वळता येत नाही. तो वळणाबाहेर जातो, ल्युअर नजरेआड होतं आणि तो कंटाळतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूला वेग वाढवा आणि ल्युअर किंचित वर येऊ द्या, सरळ भागात परत खाली न्या. मासा बऱ्याचदा या वळणानंतरच्या चढावरच घेतो. आठ जमत नसेल तर मोठा लंबगोल काढा, तोही चालतो. मागे मासा असेल तर चार-पाच फेऱ्या करा, तो दिसेनासा झाला तरी आणखी दोन.

तो कसा येतोय तेही बघा. ल्युअरच्या मागे सहा फुटांवर, खाली, आळसावून येणारी मस्की सहसा घेत नाही. तिची जागा लक्षात ठेवा आणि तिला सोडा. नाक ल्युअरच्या शेपटीला टेकवून, गालाच्या झडपा फुगवून, कल्ले उघडझाप करत येणारी मस्की मात्र घ्यायच्या बेतात असते. अशा वेळी रील आणि आवाज दोन्ही बंद, बोटीत पाय आपटायचे नाहीत आणि वळण आणखी मोठं. तिने घेतलं की रॉड वर उचलू नका. ती ज्या दिशेने तोंड करून आहे त्याच्या उलट, पाण्याला समांतर, कडेला जोरात ओढा. वर उचलला तर ल्युअर तिच्या जबड्यातून सरळ बाहेर येतं.

यासाठी रॉड लांब हवा, साडेआठ ते नऊ फूट. सात फुटी रॉडने आठ काढायचा तर बोटीच्या काठावरून ओणवं व्हावं लागतं. दोरी ८० पौंडांचं वजन पेलणारी किंवा त्याहून जाड, ब्रेडेड म्हणजे विणलेली, पुढे फुटाहून लांब तारेचा किंवा १०० ते १३० पौंडांचा फ्लुरोकार्बन लीडर. एवढी जाड दोरी माशाच्या ताकदीसाठी लागतेच, शिवाय झटापट लवकर संपावी आणि मासा न थकता परत जावा म्हणूनही लागते.

मागे येऊन न घेता फिरलेल्या मस्कीकडे परत जा. उन्हाळ्यात मस्की दिवसचे दिवस एकाच कोपऱ्याला धरून राहते. दुपारी जी नुसती मागे आली ती संध्याकाळी, चंद्र उगवताना किंवा मावळताना, किंवा वादळ येण्याआधी आभाळ भरून येतं तेव्हा घेऊ शकते. चंद्राच्या बाबतीत मी पूर्वी हसायचो, आता वेळापत्रक बघून निघतो. वादळाबद्दल एक सक्त सूचना: ग्राफाइटचा रॉड वीज वाहून नेतो, आणि तलावावर सर्वात उंच वस्तू तुम्हीच असता. पहिली गडगड ऐकली की किनारा गाठायचा, मागे कितीही मोठा मासा असो. मिनेटोंकावर शनिवार-रविवारी दुपारी जेट स्की आणि पार्टीच्या बोटींनी पाणी घुसळून निघतं, तेव्हा तिथे जीव काढण्यापेक्षा रात्री दहानंतर जा. दिवे लावून, लाइफ जॅकेट घालून, आणि एकट्याने नको.

हातात पैसे असतील तर ते बाराव्या ल्युअरऐवजी इथे घाला: रबराचं आवरण असलेल्या जाळीचं मोठं, खोल नेट, हातभर लांब पक्कड आणि गळ कापणारा छोटा बोल्ट कटर. मासा नेटमध्ये आला की नेट पाण्यातच ठेवा, बोटीत घेऊ नका. तो पाण्यात उभा राहून श्वास घेतोय तोवर गळ सोडवा. गळ खोल रुतला असेल तर ओढाताण करू नका, कटरने काटा कापा. गळ दोन-तीन डॉलरचा असतो, आणि मिनेसोटात ज्या मापाचा मासा ठेवता येतो, ५४ इंचांचा, तो तयार व्हायला पंधरा-वीस वर्षं सहज लागतात. मोठ्या मस्की बहुतेक माद्याच असतात, हेही ध्यानात असू द्या. फोटो हवाच असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवा. एक हात कल्ल्याच्या झाकणाखाली, कल्ल्यांना न लागता, दुसरा पोटाखाली, मासा आडवा. पाण्याबाहेर काही सेकंदच. मग शेपटीजवळ धरून पाण्यात सरळ उभा ठेवा, तो स्वतः हात झटकून जाईपर्यंत. बोट बाहेर काढल्यावर तळाचं बूच काढून पाणी ओतून द्यायला विसरू नका. झेब्रा शिंपल्यांमुळे इथे तो कायदाच आहे.

घाईत असाल तर एवढंच करा. सकाळचं तापमान बघा. ८ नंबरच्या पात्यांचं बकटेल लावा, आत्ता ओढताय त्याच्या दीडपट वेगाने ओढा. प्रत्येक कास्टच्या शेवटी मोठा, खोल आठ. मागे येऊन फिरलेल्या माशाची जागा फोनवर नोंदवा आणि संध्याकाळी त्याच कोनातून नव्हे, दुसऱ्या बाजूने परत टाका.

आणि कालवण. ५४ इंच म्हणजे १३७ सेंटिमीटर. त्याहून लहान मस्की मिनेसोटातल्या बहुतेक तलावांत ठेवता येत नाही, आणि तेवढी मिळाली तरी इथे जवळपास सगळे सोडून देतात. शिवाय हा तलावातला सर्वात वरचा शिकारी, वर्षानुवर्षं जगणारा, त्यामुळे त्याच्या अंगात पारा साठतो. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना तर तो अजिबात देऊ नये. कालवण करायचंच असेल तर त्याच बोटीतून, हलक्या रॉडवर, क्रॅपी किंवा सनफिश असे छोटे मासे पकडा. कोकम आणि ओलं खोबरं घालून क्रॅपीचं कालवण फार चांगलं होतं, फक्त काटे बारीक आहेत, मुलांना सोलून द्या.